व्हेगासहून डेथ व्हॅली: धरण, मासे, मीठ आणि कडक भाकरी

सोमवार: लास व्हेगास

लेक सॅन होजेला असते. आमच्या अमेरिकावारीतला एक आठवडा तिने जाणूनबुजून मोकळा ठेवला होता. "सारखं नातवंडांच्या मागे काय, तुम्ही दोघं कुठेतरी जाऊन या," म्हणाली आणि व्हेगासची तिकिटं काढून मोकळी झाली. विमानतळावर भाड्याची गाडीही ठरवून दिली. अटी तिघांच्या तीन. ह्यांची अट, सगळ्यात आधी हूवर धरण. पाटबंधारे खात्यात हयात गेली, उमेदीची वर्षं उजनीच्या कालव्यांवर गेली, त्यांना दुसरं काय सुचणार? माझी अट, वाळवंटात मुक्काम करायचा. नुसतं जाऊन फोटो काढून परतायचं नाही. आणि लेकीची अट, दोघांपैकी एकाने तरी जुगार खेळायचाच.

विमानातून उतरल्यावर सामान मिळायच्या आधीच जुगाराची यंत्रं दिसली. गेटासमोर, खुर्च्यांच्या रांगेला लागूनच. हॉटेलातही तीच तऱ्हा. खोलीची चावी घ्यायला जायचं तर यंत्रांच्या गर्दीतून वाट काढत जावं लागतं. आत खिडकी नाही, भिंतीवर घड्याळ नाही, बाहेर ऊन आहे की रात्र झालीय याचा पत्ता नाही. खोलीचं भाडं स्वस्त म्हणून लेक खूश होती, पण काउंटरवर 'रिसॉर्ट फी' म्हणून रोजची वेगळी रक्कम लागली. इथे बहुतेक हॉटेलांत ही फी असते, तेव्हा हिशोब धरताना ती आधीच धरा.

ज्या झगमगीत रस्त्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात, ती स्ट्रिप बहुतांश लास व्हेगास शहराच्या हद्दीतच नाही, हे मला तिथे जाऊन कळलं. तो भाग पॅरडाइज नावाने ओळखला जातो आणि कारभार थेट काउंटीकडे. म्हणजे हद्दीबाहेरची वसाहत मूळ गावापेक्षा मोठी झाली, आपल्याकडे होतं तसंच.

मी बँकेत होते. त्यामुळे रूलेटच्या, म्हणजे चाकावर गोळी फिरवायच्या जुगाराच्या, टेबलाशी उभी राहून आधी खाने मोजले. एक ते छत्तीस, शिवाय एक शून्य आणि एक दुहेरी शून्य, म्हणजे अडतीस. जिंकलात तर एकाला पस्तीस देतात. कागद न घेताही हिशोब सुटतो: शंभर डॉलर फिरले की सव्वापाच जुगारघराचे, आणि हे घर कधी झोपत नाही. मी वीस डॉलर एका यंत्रात घातले, बटण दाबत राहिले, ते संपले. लेकीची अट पुरी झाली.

रात्री बेलाजिओसमोरची कारंजी पाहिली. गाण्याच्या तालावर पाणी नाचतं, शेकडो फूट उंच उडतं, गर्दी टाळ्या वाजवते. हे कठड्याला टेकून उभे. मला वाटलं रमले. तर म्हणाले, "हे पाणी आणतात कुठून?" शेजारच्या माणसाने सांगितलं, तळ्याला विहिरीचं पाणी आहे. पूर्वी या जागी गोल्फचं मैदान होतं, त्याच्या हिरवळीला घालायचे तेच. "ते तळ्याचं झालं," हे म्हणाले, "शहराचं काय?"

पुढचे सगळे दिवस या एका प्रश्नाच्या मागे जाणार आहेत, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मंगळवार: बोल्डर सिटी आणि हूवर धरण

व्हेगासहून धरण पाऊण तासावर आहे. वाटेत बोल्डर सिटीला थांबलो. हे गाव धरणाच्या कामगारांसाठी सरकारने वसवलं, आणि नेवाडात असूनही इथे जुगाराला आजही बंदी आहे. झाडांच्या रांगा, छोटी दुकानं, रस्त्यावर शांतता. चहाच्या नावाखाली मिळालेलं गरम पाणी पीत मी तिथला माहितीफलक वाचला. राज्याने जुगार कायदेशीर केला तो मार्च १९३१ मध्ये, आणि धरणाचं कंत्राटही त्याच महिन्यात दिलं गेलं. मंदीचे दिवस. देशभरातून बेकार माणसं बायकामुलांसह या माळावर येऊन तंबू ठोकून बसली होती. पगार हातात पडला की गावात खर्चायला जागा नाही, म्हणून मंडळी व्हेगासला जायची. दोघांची भरभराट एकमेकांवरच झाली. फक्त गौरवाचे फलक धरणाच्या वाट्याला आले.

तंबूंमधला पहिलाच उन्हाळा भयंकर गेला. उष्माघाताने माणसं पटापट गेली. काळ्या कामगारांना आधी घेतच नव्हते, नंतर मोजके घेतले, पण या टुमदार गावात राहायची त्यांना मुभा नव्हती. हेही तिथे लिहिलेलं आहे. लपवलेलं नाही, एवढं मानावं लागेल.

धरणाकडे जाताना तपासणी होते, गाडीची डिकी उघडून बघतात. मग वळण घेतलं की एकदम समोर भिंत. ७२६ फूट उंच. तळाशी ६६० फूट जाड, माथ्यावर ४५ फूट. दोन कड्यांच्या मधे कमान करून बसवलेली, पाण्याकडे पोट काढून. हे काही बोलले नाहीत. खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला आणि जवळपास दहा मिनिटं नुसते पाहत राहिले. लग्नात माझ्याकडेही असं पाहिलं नव्हतं.

मग आम्ही आत उतरायचं तिकीट काढलं. लिफ्ट खडकात खाली जाते, पुढे बोगद्यातून चालायचं. एका ठिकाणी पायाखालची जमीन थरथरते. तीस फूट व्यासाचा पोलादी नळ खालून जातो आणि त्यातून पाणी जनित्रांकडे जात असतं. ह्यांनी कठड्यावर तळहात टेकवून ठेवला. तपासणीच्या अरुंद गॅलरीतून वाकून चालत गेलं की शेवटी हवेसाठी ठेवलेला एक झरोका येतो. त्यातून डोकावलं की आपण धरणाच्या ऐन पोटातून बाहेर बघतोय, खाली नदी, वर आभाळ. तिथे काँक्रीटला हात लावला. गार, किंचित ओलसर, आणि साच्याच्या फळ्यांचे ठसे अजून स्पष्ट. नव्वद वर्षांपूर्वीच्या कुणा सुताराच्या फळीची शीर बोटाला लागली.

वाटाड्या मुलगी तरतरीत होती. तिने ती दंतकथा सांगितली, की भिंतीत कामगारांचे देह गाडले गेलेत. आणि लगेच खोडलीही. काँक्रीट ठोकळ्याठोकळ्याने, थोड्या थोड्या थरांत ओतलं जायचं, माणूस त्यात बुडणं शक्यच नाही. अपघातांतले अधिकृत मृत्यू ९६. ह्यांनी मान डोलावली आणि मला मराठीत पुढचा धडा दिला: सिमेंट आळताना तापतं. एवढी भिंत एकसंध ओतली असती तर गार व्हायला शंभराहून जास्त वर्षं लागली असती आणि तडकली असती. म्हणून थरांमध्ये इंचभर जाडीचे नळ घालून त्यातून थंड पाणी फिरवलं, ५८२ मैल लांबीचे नळ. भिंत गार झाल्यावर त्यांतही सिमेंट भरून टाकलं. १९३५ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट येऊन उद्घाटन करून गेले, ठरल्या मुदतीच्या आधी. 'मुदतीच्या आधी' हे शब्द ह्यांनी दोनदा उच्चारले. खात्यातल्या माणसाला ते झोंबतात.

पाणी आत घेणारे चार मनोरे जलाशयात उभे आहेत. त्यांतल्या दोघांवर घड्याळं, एक नेवाडाच्या बाजूला, एक अ‍ॅरिझोनाच्या. राज्यांची हद्द धरणाच्या मधोमध जाते. अ‍ॅरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, म्हणून वर्षातले जवळपास आठ महिने दोन्ही घड्याळं एकच वेळ दाखवतात आणि हिवाळ्यात तासाचा फरक. आम्ही गेलो तेव्हा फरक होता. हे नेवाडात उभे, मी अ‍ॅरिझोनात, आणि मला भूक एक तास आधी लागलेली. तिथेच बाकावर बसून शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी खाल्ली. सोलापूरहून निघताना दोन डबे भरून आणल्या होत्या. प्रवासात कडक भाकरीसारखं दुसरं काही नाही. विटत नाही, सांडत नाही.

आता मुख्य गोष्ट. जलाशयाच्या कडेने, डोंगरावर सगळीकडे एक पांढरा पट्टा आहे. पाणी पूर्वी तिथवर होतं, खडकावर क्षार साचले आणि पाणी उतरलं. पट्ट्याची उंची दहा-पंधरा मजल्यांएवढी. धरणामागचा हा मीड जलाशय काठोकाठ भरला तर साधारण साडेबाराशे टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट). उजनी मृतसाठ्यासकट ११७. म्हणजे दहा उजन्या. आणि हा जलाशय गेली वीस-पंचवीस वर्षं ओसरत चाललाय. जुलै २०२२ मध्ये पाव हिश्श्याच्या जरा वर उरला होता, तेव्हा तळातून बुडालेल्या होड्या वर आल्या आणि एका पिंपात तर माणसाचा सांगाडा सापडला.

फलकावर 'डेड पूल' असं लिहिलं होतं. पाणी समुद्रसपाटीपासून ८९५ फुटांच्या खाली गेलं तर धरणातून खाली सोडताच येणार नाही. बाकीच्या पर्यटकांना ते नीट कळलं नसावं. सोलापूरकराला मृतसाठा समजावून सांगावा लागत नाही, दर उन्हाळ्यात उजनी वजा किती टक्के हे आम्ही पेपरात तापमानाच्या शेजारी वाचतो.

ह्यांच्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळालं. व्हेगासचं नव्वद टक्के पाणी या जलाशयातून जातं. कोलोरॅडो नदीचं वाटप १९२२ च्या करारापासून ठरत गेलं आणि त्यात नेवाडाच्या वाट्याला आलं वर्षाला तेरा टीएमसी. कॅलिफोर्नियाला एकशेनव्वद. तेव्हा व्हेगास म्हणजे रेल्वेचं एक बारकं ठाणं, तहान किती असणार? आज वीस लाखांहून जास्त वस्ती आणि वाटा तेवढाच. आमच्या पुण्याच्या खडकवासला साखळीतली चार धरणं मिळून एकोणतीस टीएमसी आहेत, नेवाडाचा वाटा त्याच्या निम्म्याहूनही कमी. मग यांनी काय केलं? दारातली हिरवळ उपटा, पैसे देतो म्हणाले. शोभेच्या गवतावर कायद्याने बंदी आणली. जलाशयाच्या तळाजवळ तिसरा बोगदा खणला, खोल पंप बसवले, म्हणजे पाणी मृतसाठ्याखाली गेलं तरी शहर उपसत राहील. आणि घराघरांतलं सांडपाणी शुद्ध करून पुन्हा जलाशयात सोडतात. जेवढं परत सोडाल तेवढं वाट्याच्या वर उचलता येतं.

"म्हणजे नळ कितीही उघडा ठेवला तरी चालेल?" मी विचारलं.

"नळ चालेल. बागेला नको. बागेचं पाणी उडून जातं, परत येत नाही."

जाता जाता कोयनेचा विषय निघालाच. दोन्हीकडची वीजक्षमता जवळपास सारखी, कोयनेची १९६० मेगावॉट, इथली २०८०. आणि आणखी एक नातं: जलाशय भरताना भूकंपाचे धक्के बसतात ही गोष्ट पहिल्यांदा नीट नोंदली गेली ती मीड जलाशयापाशी, तीसच्या दशकात. त्याचा सगळ्यात भीषण धडा जगाने १९६७ च्या डिसेंबरात कोयनानगरला पाहिला. तेव्हा हे शाळेत होते, पहाटे अंथरुणात हादरा बसल्याचं अजून सांगतात.

बुधवार: पाहरम्प, अ‍ॅश मेडोज, फर्नेस क्रीक

सकाळीच निघालो. डोंगर ओलांडून पाहरम्पला उतरलो, पेट्रोल टाकी काठोकाठ भरली. पुढे कॅलिफोर्नियात पेट्रोल महाग आणि दरीत तर फारच. दुकानातून पाण्याचे मोठे कॅन घेतले. माणशी दिवसाला एक गॅलन, असं सगळीकडे बजावतात. फोनवर नकाशा उतरवून घेतला, कारण आत रेंज जवळजवळ नाहीच.

बहुतेक लोक इथून सरळ डेथ व्हॅलीला जातात. आम्ही कच्च्या रस्त्याला वळलो, एका माशासाठी.

अ‍ॅश मेडोज हा वाळवंटातला ओलसर तुकडा. जमिनीतून झरे फुटतात, इतके निळे की रंग घातल्यासारखे वाटतात. त्यातलं पाणी हजारो वर्षांपूर्वी डोंगरांवर पडलेल्या पावसाचं. थोडं पुढे एका टेकडीच्या कुशीत डेव्हिल्स होल आहे. खडकात एक भेग, तिच्याभोवती तुरुंगाला असावं तसं काटेरी कुंपण, कॅमेरे, आणि वर एक पिंजऱ्यासारखा सज्जा. त्यातून बघायचं. खाली काळं पाणी, तापमान बारा महिने तेहतीस-चौतीस अंश. चारशे फुटांहून खोल, तळ अजून कुणाला लागलेला नाही. आणि त्या पाण्यातल्या एका उथळ पायरीवर, लहानशा खोलीएवढ्या जागेत, जगातली एक अख्खी जात राहते. इंचभर लांबीचा निळसर मासा, डेव्हिल्स होल पपफिश. दुसरीकडे निसर्गात कुठेच नाही. २०१३ मध्ये मोजणीत पस्तीस निघाले. २०२४ च्या वसंतात १९१ झाले म्हणून आनंद केला, तोवर दूरच्या भूकंपांनी पाणी हिंदकळलं, पायरीवरचं शेवाळ आणि अंडी धुपून गेली आणि पुढच्या वसंतातल्या मोजणीत पुन्हा अडतीस.

सज्जावरून मासे दिसत नाहीत. मी बरोबर नेलेली दुर्बीणही उपयोगाची ठरली नाही. पण ह्यांना माशापेक्षा खटल्यात रस होता. साठच्या दशकाच्या शेवटी जवळच्या शेतकऱ्याने मोठ्या मोटारी बसवून भूजल उपसायला सुरुवात केली आणि ती पायरी उघडी पडू लागली. प्रकरण वर गेलं, आणि १९७६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं: माशाला लागणारी पातळी राखा, उपसा कमी करा. पुढे ऐंशीच्या दशकात इथे हजारो घरांची वसाहत होणार होती, तीही बारगळली आणि १९८४ मध्ये अभयारण्य झालं. एका बोअरसाठी दोन गावांत हाणामारी झालेली ज्यांनी मिटवली आहे, ते सज्जावर उभे राहून बराच वेळ हसत होते.

पुढे डेथ व्हॅली जंक्शन. टाकणखार (बोरॅक्स) काढणाऱ्या कंपनीने १९२० च्या दशकात बांधलेली लांबलचक पांढरी इमारत, बाकी काही नाही. १९६७ मध्ये न्यूयॉर्कची नर्तकी मार्ता बेकेट या रस्त्याने जात असताना गाडीचं टायर फुटलं. ते दुरुस्त होईपर्यंत तिने दाराच्या फटीतून कंपनीचं पडीक सभागृह पाहिलं आणि ती इथेच राहिली. प्रेक्षक येईनात, म्हणून तिने भिंतींवरच प्रेक्षक रंगवले, राजा-राणी, जोगिणी, सरदार, आणि त्यांच्यासमोर नाचली. ऐंशी उलटल्यावरही नाचत होती. २०१७ मध्ये गेली. हिच्यावर एक लेख वेगळा लिहावा लागेल.

दान्तेज व्ह्यूला चढलो. ५४७५ फुटांवर वारा इतका की दार उघडेना. खाली सगळी दरी, मधोमध पांढरा पट्टा, पलीकडे टेलिस्कोप शिखरावर बर्फ. संध्याकाळी झाब्रिस्की पॉइंट. पिवळ्या, तपकिरी मातीच्या सुरकुत्या, आणि कॅमेऱ्यांची दाटी. सुंदर आहे, पण जत्राही आहे.

मुक्काम फर्नेस क्रीकला. समुद्रसपाटीखाली १९० फूट. झऱ्याच्या पाण्यावर खजुराची झाडं आणि चक्क गोल्फचं मैदान. ह्यांनी गवत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, काही बोलले नाहीत.

गुरुवार: डेथ व्हॅली

उन्हाच्या आत बॅडवॉटर गाठलं. समुद्रसपाटीखाली २८२ फूट, उत्तर अमेरिकेतली सगळ्यात खोल जागा. गाडीतळाच्या मागे कडा आहे, त्यावर मान वर करून बघावं इतक्या उंच एक पाटी लावलीय: समुद्राची पातळी. त्या पाटीखाली उभं राहिल्यावर उगाच श्वास धरावासा वाटतो.

लाकडी फळ्यांवरून पुढे गेलं की मीठ सुरू होतं. आधी पायदळी गेलेलं, मळकट. अर्धा मैल चालत गेलो, तेव्हा खरं दिसू लागलं. मिठाचे षट्कोन, काही चुलीएवढे, काही खोलीएवढे, आणि त्यांच्या कडा बोटभर उंच. मी खाली वाकून बघितलं. कडेवर सुईसारखे स्फटिक उभे होते, त्यांना हात लावला की कुरकुर आवाज होऊन मोडतात. खालच्या ओलाव्यातून मीठ वर येतं, वाळतं, फुगतं, शेजारच्याला ढकलतं, आणि ढकलाढकलीत कडा वर उचलल्या जातात. एक कण जिभेवर ठेवला. अगदी स्वयंपाकघरातलं मीठ, पाठीमागे किंचित कडवट. "बीपीच्या गोळ्या घेतल्यास ना?" हे म्हणाले.

सोलापूरला आपण दुष्काळी म्हणतो, तिथे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या वर पडतो. इथे पंचावन्न. आणि ऑगस्ट २०२३ मध्ये हिलरी वादळाने वर्षाचा पाऊस एका दिवसात पाडला. रस्ते वाहून गेले, डेथ व्हॅलीचं हे राष्ट्रीय उद्यान दोन महिने बंद राहिलं आणि या मिठावर तळं साचलं. पुढच्या वर्षी लोकांनी तिथे होड्या चालवल्या.

उष्णतेचा जागतिक उच्चांक याच दरीत नोंदला गेला, १० जुलै १९१३, ५६.७ अंश सेल्सिअस. आम्ही गेलो तेव्हा दुपारी सत्तावीस-अठ्ठावीस होतं. सोलापूरकरांनी स्वेटर काढून ठेवला, इतकंच.

दुपारी हार्मनी बोरॅक्स वर्क्सचे अवशेष. आपल्याकडे सोनार डाग देताना वापरतात तो टाकणखार इथल्या जमिनीवर पडलेला सापडायचा. १८८३ पासून पाच-सहा वर्षं तो इथे उकळून काढत. गोळा करायला चिनी मजूर, दिवसाला सव्वा डॉलर. तयार माल १६५ मैलांवरच्या रेल्वेपर्यंत न्यायचा, वीस जनावरांच्या गाड्यांनी. अठरा खेचरं, दोन घोडे, दोन गाड्या, मागे पाण्याची टाकी, आणि मागचं चाक सात फूट. ते चाक तिथे आहे. मी शेजारी उभी राहिले तर आऱ्यांच्या मध्यावर आले. उन्हाळ्यात काम बंद ठेवावं लागे, दरी इतकी तापायची की गरम द्रव गार होऊन खडाच धरेना.

डेथ व्हॅली हे नाव १८४९-५० च्या हिवाळ्यात सोन्यासाठी निघून वाट चुकलेल्या मंडळींनी ठेवलं. त्यांच्यातला एकच माणूस दरीत मेला. टिंबिशा शोशोनी लोक त्याआधी शेकडो वर्षं इथे राहत होते, उन्हाळ्यात डोंगरावर जायचे, थंडीत खाली यायचे, मेस्किटच्या शेंगा कुटून खायचे. त्यांच्या जमिनीचा काही भाग २००० साली कायद्याने परत मिळाला. त्यांची वस्ती आमच्या हॉटेलपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

आर्टिस्ट्स पॅलेटचे हिरवे-गुलाबी डोंगर गाडीतूनच पाहिले. मेस्किट फ्लॅटच्या वाळूच्या टेकड्यांवर मी चढले, हे खाली बसून बुटातली वाळू काढत राहिले. रात्री तारे बघायला अंधाऱ्या जागी गेलो. आभाळ खचाखच भरलेलं, फक्त आग्नेयेला क्षितिजावर एक फिकट उजेड. व्हेगास. दीडशे किलोमीटरवरूनही पत्ता सोडत नाही.

शुक्रवार: ऱ्हायोलाइट, बीटी

डेलाइट खिंड चढून पुन्हा नेवाडात. ऱ्हायोलाइट हे ओसाड गाव बघायचं ठरवलं होतं ते वाटेवर आहे म्हणून, पण दोन तास मोडले. १९०४ मध्ये सोनं सापडलं. चार वर्षांत हजारो माणसं, तीन मजली बँक, नळ, वीज, शाळा, आगगाड्या. मग १९०७ ची आर्थिक पडझड, खाणीत म्हणावं तसं सोनं नाही. १९२० ला जेमतेम चौदा माणसं उरली. बँकेच्या तीन भिंती अजून उभ्या आहेत, खिडक्यांतून पलीकडचा डोंगर दिसतो. माजी बँकर म्हणून तिथे फोटो काढून घेतला. लाकूड मिळत नव्हतं म्हणून एकाने दारूच्या रिकाम्या बाटल्यांचं घर बांधलं. गावात पन्नासएक गुत्ते होते, कच्च्या मालाला तोटा नव्हता.

बीटीत रस्त्यावर मोकाट गाढवं फिरतात, खाणवाल्यांनी सोडून दिलेल्यांची पिलावळ. एकाने खिडकीत तोंड घातलं. कडक भाकरीचा तुकडा द्यायचा मोह झाला होता, पण प्राण्यांना खायला घालू नका अशी पाटी समोरच होती.

मग महामार्ग ९५, सरळसोट. डाव्या हाताला मैलोन् मैल कुंपण आहे, त्याच्या आत अणुचाचण्यांचं मैदान. १९५१ ते १९९२ दरम्यान ९२८ चाचण्या. सुरुवातीच्या उघड्यावर झालेल्या. पहाटे हॉटेलच्या गच्चीवरून लोक अणुस्फोटाचा ढग बघायचे आणि व्हेगासवाल्यांनी त्याचीही जाहिरात केली. याबद्दल हे एक शब्द बोलले नाहीत, मीही नाही. पुढचे तीस-चाळीस मैल गाडीत गाणी लावली.

शनिवार: परत

विमान दुपारचं. हाताशी सकाळ होती. मला वाटलं आता तरी दुकानं. ह्यांनी नकाशा पुढे केला: शहराच्या पूर्वेला वेटलँड्स पार्क, प्रवेश फुकट.

तिथे लास व्हेगास वॉश वाहतो. शहराचं शुद्ध केलेलं सगळं सांडपाणी या ओढ्यातून मीड जलाशयात जातं. परवा मारे ऐकलेली परतफेड ती हीच. कडेने वेत आणि झुडपं, बगळे, बदकं, धावायला आलेली माणसं. पाणी वाहतं, चांगलं खळाळतं, वाळवंटात बारमाही. वास अगदी किंचित. हे उताराने खाली गेले, बांधाची दगडी पिचिंग बघितली, आणि धार किती क्युसेक्स असेल यावर माझ्याशी वाद घालायला लागले. मला त्यातलं कळत नाही, तरी मी जास्त सांगितलं.

तेवढ्यात लेकीचा फोन. "आई, शेवटच्या दिवशी काय बघितलंत? स्फिअर? एखादा शो?"

"नाला," मी सांगितलं.

पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाली, "बाबांना दे."